एका पावलापुरता साचा

आमच्या कृत्रिम अवयवांच्या कार्यशाळेत सगळे ज्यांना काका म्हणत, त्यांच्याइतका नम्र माणूस मी पाहिलेला नाही आणि त्यांच्याइतका हट्टीही नाही. हे दोन गुण एकाच माणसात सुखाने नांदतात, हे मला त्यांना भेटेपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंही त्यांना काकाच म्हणत. कोणी काहीही सांगितलं की ते मान हलवून "बरं" म्हणत. समोरचा खूश होऊन निघून जाई. त्या "बरं"चा अर्थ "ऐकलं" एवढाच असतो, "करतो" असा नसतो, हे फक्त त्यांच्या बायकोला माहीत होतं आणि तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं.

कार्यशाळा रुग्णालयाच्या मागच्या अंगाला होती. तळमजल्यावर प्लास्टरची पांढरी धूळ, भिंतीवर ओळीने टांगलेले पाय, खोक्यांत घोटे आणि बोटं, आणि कोपऱ्यात एक नवं यंत्र. संगणकातली नोंद वाचून ते यंत्र हवा तो अवयव आपला आपण कोरून काढायचं. वरच्या मजल्यावर कार्यालय. काका एकोणिसाव्या वर्षी तळमजल्यावर लागले, लोकांच्या पायांचे प्लास्टरचे साचे काढायला. पुढे बावीस वर्षांपूर्वी कार्यशाळेत पहिला संगणक आला. तो महिनाभर खोक्यातच पडून होता, कारण बिघडला तर बोलणी कोण खाणार. काकांनी एक दिवस खोकं फोडलं आणि पुस्तकं मागवून, चुकत-माकत, पेशंटांची सगळी माहिती ठेवायची व्यवस्था एकट्याने उभी केली.

तीही साधीसुधी नाही. बाकीचं जग माहिती तक्त्यांत ठेवतं. एका तक्त्यात माणसं, दुसऱ्यात गुडघे, तिसऱ्यात स्क्रू. काकांना ते पटेना. एक पाय बघायचा तर तीन तक्ते हिंडून त्याचे तुकडे गोळा करायचे, हा काय प्रकार, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी अशी व्यवस्था निवडली, जिच्यात वस्तू अख्खीच्या अख्खी राहते. पायाच्या पोटात गुडघा, गुडघ्याच्या पोटात स्प्रिंग. प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या साच्यातून काढलेली, आणि साच्यांचंही घराणं. सगळ्यांत वर 'अवयव' हा आजोबा. त्याच्याखाली 'पाय', त्याच्याखाली 'पाऊल'. आजोबांना एकदा शिकवलं, की नातवंडांना ते न शिकवता येतं. उदाहरणार्थ, तीन वर्षं तपासणी झाली नसेल तर मालकाच्या नावाने आपण होऊन स्मरणपत्र पाठवायचं, हे काकांनी 'अवयवा'ला शिकवलं होतं. त्यामुळे खालच्या सगळ्या पिढ्या बिनबोभाट पत्रं पाठवत.

साचा बदलला की पंचाईत व्हायची. आज ठरलं की यापुढे प्रत्येक पावलाच्या नोंदीत टाचेची उंचीही हवी, तर आधीच्या हजारो पावलांचं काय करायचं? शहाणी माणसं एक दिवस दुकान बंद ठेवून सगळ्या जुन्या नोंदी एकदम बदलून टाकतात. काकांचं धोरण वेगळं होतं: हात लागेल तेव्हा बदलू. पेशंट आला, नोंद उघडली, की त्या क्षणी ती नव्या साच्यात बसवायची. तोवर ती आहे तशी जुन्या रूपात झोपू दे. त्यामुळे त्यांच्या गोदामात एकाच पावलाच्या पाच पिढ्या गुण्यागोविंदाने राहत होत्या.

घरीही हेच धोरण होतं. मी एकदा त्यांच्याकडे चहाला गेले, तर खोलीच्या भिंती पिवळ्या आणि कपाटाच्या मागून निळी पट्टी डोकावतेय. कपाट हलवायचा योग आला नव्हता, म्हणून तेवढी भिंत जुन्या रूपात होती. स्वयंपाकघरात डब्यांवर काकांच्या अक्षरात चिठ्ठ्या: 'पूड', 'पूड, तिखट', 'पूड, तिखट, जपून'. काकू शिवणकाम करायच्या. मशीनवरून मान न उचलता त्यांनी मला सांगितलं, की लग्नात हे म्हणाले होते, एकमेकांच्या सवयी एकदम बदलायला जायचं नाही, हात लागेल तशा बदलू. पस्तीस वर्षं झाली, त्या अजून वाट बघतायत. काका चहा ओतता ओतता "बरं" म्हणाले.

आता माझ्याकडे येते. मी तिथे आले ती ही सगळी जुनी व्यवस्था गुंडाळून नवी बसवायला. तीस वर्षांची, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं ठाऊक असलेली. काका मला इंजिनिअरबाई म्हणत, आणि त्यात टोमणा आहे की आदर, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी त्यांचं गोदाम उघडलं आणि कपाळावर हात मारला. अकरा हजार नोंदी, त्यांना दोनशे चौदा साचे. 'गुडघा, शिंप्याचा'. 'हात, बासरीवाल्याचा'. एक तर चक्क 'पाय, चिडक्या माणसाचा' असा होता. चौकशी केली तर कळलं, की ते गृहस्थ रागावले की पाय आपटायचे, म्हणून त्यांच्या गुडघ्यात दणकट स्प्रिंग होती आणि तिची खास नोंद ठेवायला खास साचा. मी हे जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना रंगवून सांगितलं आणि मनसोक्त हसले.

हसून झाल्यावर मी नियम केला. ज्या साच्यात पाचांपेक्षा कमी वस्तू असतील तो मोडायचा आणि त्यातल्या वस्तू वरच्या साच्यात ढकलायच्या. वरच्या साच्यात ज्या गोष्टीला जागा नाही ती गोष्ट सोडून द्यायची. आणि हे सगळं एका रविवारी, एका दमात. दोनशे चौदाचे दीडशे होणार म्हणून मी स्वतःवरच खूश झाले.

त्या यादीत 'पाऊल, शिडीचं' असा एक साचा होता. वस्तू एक. मालकीण दुकानांच्या पाट्या रंगवणारी बाई. तिला सगळे पाटीवाली म्हणत. लहानपणी अपघातात तिचा डावा पाय घोट्याच्या वरपासून गेलेला. जमिनीवर ती इतकी सहज चालायची की नवख्याला कळायचंही नाही. पण तिचं काम शिडीवरचं, एका हातात रंगाचा डबा आणि दुसऱ्यात ब्रश. म्हणजे धरायला हातच उरत नाही. साध्या कृत्रिम पावलाचा घोटा मोकळा असतो, तो शिडीच्या दांडीवर वळतो आणि पाऊल निसटतं. काकांनी आणि तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मिळून तिच्यासाठी असा घोटा केला होता, जो टाच दाबली की ठरावीक कोनात घट्ट बसतो आणि पुन्हा दाबली की सुटतो. तो कोन सापडायला चौदा महिने लागले. कारागीर आता या जगात नव्हता. कोन त्या एका नोंदीत होता आणि 'कुलूप' या रकान्यात होता. वरच्या 'पाऊल' साच्याला असला रकानाच नव्हता.

तिचं जुनं पाऊल आता तडकलं होतं आणि पुढच्या महिन्यात यंत्र नवं कोरणार होतं. माझ्या नियमाने साचा मोडला असता, तर नोंद पूर्ण दिसली असती, यंत्राने एक शब्दाची कुरकूर केली नसती, पाऊल सुबक झालं असतं, आणि ती ते घालून कार्यशाळेतून ऐटीत चालत गेली असती. घोटा मोकळा आहे हे तिला पहिल्यांदा कळलं असतं ते थेट शिडीवर.

हे मी आता एवढं नीट सांगतेय, कारण आता मला कळलंय. नियम ठरवायच्या बैठकीत काका हेच सांगायला उभे राहिले होते. पण त्यांनी सुरुवात केली ती त्या म्हाताऱ्या कारागिराच्या स्वभावापासून, आणि मला पुढे दुसरी बैठक होती. संचालकबाई कडक होत्या, त्यांच्या खोलीत लोक खोकलासुद्धा दाबून धरत. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, की त्या साच्यात वस्तू किती? काका म्हणाले, एक. बाई म्हणाल्या, एकासाठी नियम वाकवला की उद्या साठ जण दारात उभे राहतील, त्यामुळे पाच म्हणजे पाच. काका म्हणाले, "बरं."

पुढच्या गुरुवारी मी यादी पुन्हा काढली. 'पाऊल, शिडीचं' या साच्यात वस्तू पाच. नियमात बसत होतं. आकडा बरोबर असला की मी आत डोकावत नसे, तेव्हा डोकावले नाही.

रविवारी सगळं सुरळीत पार पडलं. अकरा हजार नोंदी मी एकामागून एक जाग्या केल्या, नव्या साच्यांत बसवल्या, साठ साचे मोडले आणि संध्याकाळी पाठ थोपटून घेत घरी गेले. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. काकांच्या पद्धतीत नोंदीला हात लागेपर्यंत ती झोपलेली असायची, आणि झोपलेली नोंद पत्रं पाठवत नसे. मी एका दिवसात सगळ्यांना हात लावला. जाग्या झालेल्या प्रत्येक अवयवाने आधी तारीख बघितली, आणि ज्यांची तपासणी तीन वर्षांत झाली नव्हती, त्या सगळ्यांनी आजोबांच्या शिकवणीप्रमाणे ताबडतोब पत्र पाठवलं. तीनशे बारा पत्रं गेली. मंगळवारी सकाळी रुग्णालयाच्या फाटकापर्यंत पेशंटांची रांग होती आणि तळमजल्यावरचे कारागीर माझ्या नावाने बोटं मोडत होते.

त्या तीनशे बारांतलं एक पत्र संचालकबाईंच्या खोलीत पोहोचलं. त्यात लिहिलं होतं: "प्रिय मोठे टेबल, आपल्या डाव्या पायाची तपासणी साडेतीन वर्षांपासून झालेली नाही. कृपया सैल कपडे घालून यावे. चढ-उतारास त्रास होत असल्यास सोबत एका नातेवाइकास आणावे."

दुसरं पत्र उपाहारगृहातल्या स्टुलाला आलं, तिसरं सभागृहातल्या प्रोजेक्टरच्या स्टँडला. चौथं माझ्या टेबलावर होतं, माझ्या खुर्चीच्या नावाने. मी धावत जाऊन नोंदी उघडल्या. चारही वस्तूंचा एकेक पाय काकांनी कधी ना कधी दुरुस्त केलेला होता आणि प्रत्येकाचा कोन, उंची, दुरुस्तीची तारीख काटेकोर लिहिलेली होती. खोटी नोंद करायची वेळ आली तरी या माणसाला खोटं माप लिहवेना. माझ्या खुर्चीपुढे 'वजन' या रकान्यात 'इंजिनिअरबाईंसकट' असं लिहून एक आकडा टाकला होता. तो किलोभरही चुकला नव्हता, याचा राग मला अजून आहे.

संचालकबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. त्या चिडल्या होत्या, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. पेशंटांच्या नोंदींत टेबल घुसवणं हा गुन्हाच. आज टेबल, उद्या काय, असं त्यांनी विचारलं. काकांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. त्यांच्यावर कारवाई होईल असं बाईंनी सांगितलं आणि मला हुकूम दिला, की संध्याकाळच्या आत चारही खोट्या वस्तू काढायच्या आणि उरलेल्या एकीला नियम लावायचा. काका या वेळी "बरं" म्हणाले नाहीत. नुसते बाहेर पडले.

मी त्यांच्यामागे तळमजल्यावर गेले. खरं सांगायचं तर भांडायला गेले होते. माझ्या रविवारची त्यांनी शोभा केली होती. काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून एक जाडजूड बूट काढला. नव्या कारागिरांना कृत्रिम पाऊल कसं लागतं ते समजावं म्हणून तसा बूट ठेवलेला असतो. त्यात आपला घोटा जखडला जातो आणि खाली कृत्रिम पाऊल येतं. त्यांनी तो माझ्या डाव्या पायात चढवला, घोटा मोकळा ठेवला, आणि भिंतीला लावलेल्या शिडीकडे बोट दाखवलं.

"चढा. तिसऱ्या पायरीवर थांबा आणि दोन्ही हात सोडा."

मी चढले. तिसऱ्या पायरीवर उजवा हात सोडला. डावा सोडायच्या आतच पाऊल दांडीवरून गर्रकन वळलं आणि मी काकांच्या अंगावर आले. त्यांनी मला सावरलं, खाली बसवलं आणि कपड्यांवरची धूळ झटकली. तीन पायऱ्या म्हणजे काही फार उंची नाही. पाटीवाली दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर काम करते.

"हे बैठकीत का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगतच होतो," काका म्हणाले. "तुम्ही घड्याळ बघत होतात."

मला इतकी लाज वाटली की बूट काढायचं सुचेना. शेवटी काकांनीच बंद सोडले. मी तशीच वर गेले आणि संचालकबाईंना सांगितलं, की चूक काकांची नाही, नियम चुकीचा आहे, आणि तो माझा आहे. बाईंनी चष्मा काढला.

"पाचच का?" त्यांनी विचारलं.

मी विचार केला. काहीतरी भारदस्त कारण देता आलं असतं, ऐनवेळी कारण शोधण्यात माझा हातखंडा आहे. पण त्या दिवशी तसं केलं नाही. मी म्हणाले, काही कारण नव्हतं, यादी लांब होती आणि पाच हा आकडा बरा वाटला. बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, की या नियमाने रविवारी किती साचे मोडले? मी म्हणाले, साठ. त्या साठ साच्यांतल्या किती माणसांना विचारलं? मी म्हणाले, एकालाही नाही. आणि ते बोलता बोलताच मी काय करून बसलेय ते मला दिसलं. शिंपी, बासरीवाला, चिडके गृहस्थ, सगळे माझ्या डोळ्यांसमोर कुठून ना कुठून निसटून पडायला लागले.

मी पुन्हा खाली धावले. काकांनी मला बघितलं आणि काही न विचारता टेबलाच्या खणातून एक वही काढली. बैठकीनंतरच्या दोन आठवड्यांत त्यांनी त्या साठ साच्यांतल्या एकशे सदतीस माणसांना फोन केले होते. प्रत्येकाच्या नावापुढे बरोबरची खूण होती. शिंप्याने केव्हाच विजेचं मशीन घेतलं होतं. बासरीवाला आता शिकवायचा, वाजवत नसे. चिडके गृहस्थ आजोबा झाल्यापासून पाय आपटत नव्हते, नातू दचकतो म्हणून. सगळ्यांना वरचा साधा साचा पुरणार होता. साठच्या साठ साचे आपल्या हौसेचे होते, असं काकांनी मान खाली घालून कबूल केलं. इंजिनिअरबाई त्यांना हसल्या ते बरोबरच होतं, असंही म्हणाले. पण एकसष्टावा हौसेचा नव्हता.

वही मी बाईंपुढे ठेवली. त्यांनी ती शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग नियम बदलला: वस्तू एक असो वा हजार, ज्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय साचा मोडायचा नाही. टेबल, स्टूल, स्टँड आणि खुर्ची पेशंटांच्या यादीतून गेले. काकांवरची कारवाई माफीनाम्यावर निभावली. तो दोन ओळींचा होता. चार फर्निचरांची रुग्ण म्हणून नोंद केल्याबद्दल मी दिलगीर आहे, असं पहिल्या ओळीत, आणि चौघांचेही पाय आता उत्तम आहेत, असं दुसऱ्या. बाईंनी त्यावर सही केली. सही करताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही, हे मी शपथेवर सांगते, पण तो कागद फायलीत न लावता त्यांनी आपल्या खणात ठेवला.

पुढच्या महिन्यात यंत्राने पाटीवालीचं पाऊल कोरलं, नव्या व्यवस्थेतली नोंद वाचून. कोन जिथल्या तिथे होता हे मी चार वेळा तपासलं होतं. तरी त्या सकाळी मला नाश्ता गेला नाही. पाटीवाली आली, खुर्चीत बसून पाऊल चढवलं, दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली की खालचं ठीक आहे, आता वरचं बघू. मागच्या अंगणात काकांनी उंच शिडी भिंतीला लावली. मी पुढे होऊन ती दोन्ही हातांनी गच्च धरली. एवढं सगळं करून ठेवलेल्या बाईने एवढं तरी करायला हवं होतं.

ती भराभर चढत गेली. छपराच्या उंचीला पोहोचल्यावर तिने टाच दाबली. खट्ट असा आवाज आला. तिने आधी एक हात सोडला, मग दुसरा, आणि भिंतीकडे जराशी झुकून हवेतच ब्रश फिरवावा तसा हात इकडून तिकडे नेला. मला वर बघवत नव्हतं. मी शिडीच्या दांड्याकडे बघत उभी होते आणि काका माझ्या शेजारी, हात पाठीमागे बांधून.

"काका, शिडी हलतेय," ती वरून म्हणाली.

काकांनी शिडीकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे.

"सोडा," ते मला म्हणाले.

मी सोडली. शिडी हलायची थांबली.